प्रयागबाईची एकदाणी

१

प्रयागबाईची सोन्याच्या मण्यांची एकदाणी अडीच तोळ्यांची. ती उचलून धम्मदीपाला काय मिळालं असतं, ते आधी मांडून पाहू. सोनार पावती मागतो, पावती नसली की भाव पाडतो, पाडलेल्या भावातून घट कापतो, आणि उरलेलं हातावर ठेवताना अशा नजरेने बघतो की माणूस मागच्या दाराने जातो. ही झाली जमा. आता खर्च. रिठदच्या अंगणवाडीवर सेविका नेमायची होती आणि यादीत धम्मदीपाचं नाव पहिलं होतं. यादीवर आक्षेप घ्यायची मुदत सोमवारी संध्याकाळी संपत होती. आज रविवार. एक दिवस सरळ गेला की गावातल्या गावात दर महिन्याचं मानधन. एक दिवस हात चळला की ठाण्यात नाव, आणि यादीतून नाव गायब.

एवढा हिशेब शेळीलाही जमला असता. पण चौबुर्जी किल्ल्यासमोरच्या वाळूत, क्रूझर जीपच्या मागच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसांना त्या दुपारी तो काही जमेना.

डबा उघडा होता. डब्यात दशम्या होत्या, तिळाची चटणी होती. दशम्यांखाली फडक्यात बांधून ठेवलेली एकदाणी नव्हती.

"म्याच ठेवली होती," प्रयागबाई म्हणाल्या. "तुमच्या सगळ्यायच्या देखत ठेवली."

हे खरं होतं. समुद्र सोनं ओढून घेतो असं त्यांना रिठदमध्ये कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून पाण्याला पाय लावायच्या आधी त्यांनी गळ्यातली एकदाणी काढली आणि डब्यात घातली. घरी कुलपावर भरवसा नाही म्हणून सोनं अंगावर घालून पनवेलला भाचीच्या घरी बारशाला आल्या, आणि तिथून किल्ला बघायला निघाल्यावर समुद्रावर भरवसा नाही म्हणून ते डब्यात ठेवलं. ज्याच्यावर भरवसा ठेवायचा असा एक दशम्यांचा डबाच काय तो उरला होता.

"जीपमध्ये कोन होतं मंग?" राजूने विचारलं. राजू प्रयागबाईंचा पुतण्या. प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, तरी तो उत्तर येईपर्यंत थांबला.

"मी होतो," धम्मदीपा म्हणाली. घाटात तिला उलट्या झाल्या होत्या. गोळी घेऊन ती मधल्या सीटवर झोपली होती, बाकीचे पाचही जण किल्ल्यात गेले होते. "मले झोप लागली, आजी. मले काही मालूम नाही."

"झोप," राजू म्हणाला, आणि त्या एका शब्दापुढे त्याने काही जोडलं नाही.

धम्मदीपाने आपली पिशवी उचलली आणि वाळूवर पालथी केली. कपडे, कंगवा, प्रयागबाईंच्या साखरेच्या इंजेक्शनची पेटी, आतले कपडेसुद्धा. ते वाऱ्याने उडाले तेव्हा काठावरचा नारळवाला दुसरीकडे बघू लागला. तिची आजी भागिरथा जन्मभर प्रयागबाईंच्या शेतात निंदायला गेली. नात रोज सकाळी प्रयागबाईंना इंजेक्शन देते, बदल्यात चहा घेते, कधी तोही घेत नाही. एवढं सगळं माहीत असलेल्या प्रयागबाई वाळूकडे बघत उभ्या होत्या. 'राहू दे व पोरी' हे चार शब्द त्यांच्या तोंडातून निघाले नाहीत.

"आता सगळ्यायच्याच झडत्या होऊ द्या," एक आवाज आला. "न्याव म्हनजे न्याव."

आवाज बेबीबाईंचा. इंझोरी हे दोघींचं माहेर, त्यामुळे प्रयागबाईंना 'पयागे' म्हणायचा हक्क जगात याच एका बाईकडे उरला होता. रिसोडला बसस्टँडजवळ यांची खानावळ आहे. जेवून हात धुवायच्या निमित्ताने पसार होणारं गिऱ्हाईक त्या वरणाची पहिली वाटी वाढतानाच ओळखतात अशी ख्याती आहे. ख्याती त्यांनीच पसरवली असली तरी खोटी नाही.

ड्रायव्हर मदनसिंगने खिसे उलटे केले. राजूनेही केले. राजूच्या बायकोची, राखीची, पर्स बेबीबाईंनी पाहिली आणि आपली राखीला दाखवली. सीटखाली, टुलबॉक्समध्ये, पायदानाखाली हात घालून झाले. एकदाणी नव्हती.

"रिसोड ठाण्यात चला," राजू म्हणाला. "सकाळी पोचू. तिथं तक्रार देऊ, नावासहित."

"चालंन," बेबीबाई म्हणाल्या. "पन रिसोडात आल्यावर पयले माह्या खानावळीत चहा. उपाशीपोटी कोनाचं नाव लिहून देऊ नये बाप्पा."

२

सकाळी काय झालं होतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

चौबुर्जी किनाऱ्यापासून आत, समुद्रात आहे. ओहोटीला वाळूची वाट उघडी पडते, मध्ये घोट्याएवढं पाणी. भरतीला नाव लागते. हे तिथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. पण पैनगंगेच्या माणसाचं पाण्याबद्दल एक ठाम मत असतं. पाणी वरून पडतं, मग नदी चढते. नाही पडलं, तर नाही चढत.

"लवकर या, पाणी चढेल," नारळवाल्याने बजावलं होतं.

मदनसिंगने वर पाहिलं. आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता. "पाऊस कुठं हाय, भाऊ?" तो म्हणाला, आणि सगळे हसले. नारळवालाही हसला, पण वेगळ्या कारणाने.

मग पाण्याच्या काठाशी पाचही जणांनी चपला काढल्या. दर्याला उघडा पाय लावायचा, असं प्रयागबाईंचं म्हणणं. आणि गावाकडे नदी ओलांडताना तरी दुसरं काय करतात? काठावर ओळीने चपला काढायच्या, पलीकडे जायचं, दिवसभराचं काम उरकायचं, परत येऊन पायात घालायच्या. ओळीत प्रयागबाईंची काळी चप्पल, बेबीबाईंची चामडी, राखीची मोत्यांची, मदनसिंगची नवी कोरी कोल्हापुरी आणि राजूची पट्ट्यांची सँडल होती. प्रयागबाई गुडघ्यांमुळे घोडागाडीतून गेल्या, बाकीचे पाणी तुडवत.

किल्ल्यात उन्हाने दगड तापले होते. एका पर्यटकाने राखीच्या मोबाइलवर सगळ्यांचा फोटो काढून दिला, मोठ्या बुरजावर. त्यानंतर प्रयागबाई, बेबीबाई आणि राखी देवीच्या देवळाच्या सावलीत बसल्या. राजू म्हणाला, पल्याडच्या बुरजावर रेंज आहे, फोन करून येतो. मदनसिंग म्हणाला, तोफा पाहून येतो. दोघे दोन दिशांना गेले, आणि बराच वेळ आले नाहीत.

मदनसिंग परत आला तेव्हा कंबरेपर्यंत भिजलेला होता.

"वाट नाही," तो म्हणाला. "वाटच नाही तिथं. सारं पानी."

बायका दरवाजापर्यंत धावल्या. सकाळी जिथून आलो तिथे समुद्र उभा होता, आणि येतच होता. दरवाजाच्या खालच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होत होत्या. प्रयागबाईंनी बुडणाऱ्या पायरीकडे बोट दाखवलं. "पूर आला व माय," त्या म्हणाल्या. "कोरडा पूर आला." राखी राजूच्या नावाने हाका मारत भिंतीच्या कडेने पळत सुटली. पल्याडच्या बुरजावर ती पोचली नाही, कारण मध्ये पडझडीने रस्ता बंद होता. तिच्या हाकांना उत्तर आलं नाही. एवढ्या वेळात तिने मनात काय काय पाहिलं असेल, ते नवरा असलेल्या बायकांनी समजून घ्यावं.

मग किल्ल्याच्या धक्क्याला नाव लागली, आणि कुठूनसा राजू आला.

"कायले बोंबलून राह्यली?" तो म्हणाला. "नाव हाय ना. रोजचंच हाय हे इथलं, नाववाला सांगत होता."

नाव किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या धक्क्यावर सोडते. तिथून सगळे चालत चपलांच्या जागी आले. जागा होती, त्यावर पुरुषभर समुद्र होता. मदनसिंग बराच वेळ कोल्हापुरीच्या दिशेने बघत राहिला, जसं कोणी स्टेशनात गाडी गेल्यावर बघतं. राजूने सँडलमध्ये शिरलेली वाळू झटकली आणि टपरीवरून निळ्या प्लास्टिकच्या चपलांचे चार जोड आणले. "घ्या, माह्याकडून," तो म्हणाला. एरवी चहाचे पैसे द्यायची वेळ आली की त्याला फोन येतो.

चपला घालून सगळे जीपकडे गेले. पुढचं सांगून झालं आहे.

३

परतीच्या वाटेवर जीप चहाला थांबली, की बेबीबाई कोणाशेजारी तरी बसत. त्यांची एक पद्धत आहे. माणसाला त्याच्याबद्दल विचारायचं नाही, दुसऱ्याबद्दल विचारायचं. स्वतःबद्दल माणूस तयारी करून बोलतो.

"मदनसिंग, राजूभाऊ कसा मानूस हाय?"

"मले काय मालूम, बाई. पन सामान बांधाले आज पयल्यांदा हात लावला त्यायनं. टपावरची ताडपत्री मी बांधली होती, तरी वर चढून पुन्हा आवळली. मी म्हनलं, भाऊ, माही गाठ सुटत नाही."

"अन् तू पान्यात काहून शिरला होता?"

मदनसिंग ओशाळला. "चपलेसाठी. म्हनलं, वाट बुडाली त थोडी बुडाली असंन. दोन पावलं टाकली अन् पाय लागंना. लोकाइले वाटून राह्यलं का मी जीपकडे जाऊन आलो. मी जाऊन आलो असतो, बाई, त चप्पल नसती आनली?"

बेबीबाईंच्या हातातला चहा तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो प्यायला, बशीत ओतून, सावकाश.

पुढच्या थांब्यावर राखी एकटीच जीपला टेकून उभी होती. मोबाइल छातीशी धरलेला.

"धम्मदीपा अन् तू एकाच शाळेत होत्या ना व?"

"एकाच बाकावर, मावशी."

"तिनं घेतली असंन का?"

राखीने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

"त्या यादीत तिचं नाव पयलं," बेबीबाई म्हणाल्या. "दुसरं कोनाचं हाय?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"माहं," ती म्हणाली.

धम्मदीपा जीपच्या मागच्या सीटवर होती. सकाळपासून तिने पाणीही घेतलं नव्हतं. बेबीबाई शेजारी बसल्या आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. धम्मदीपाच बोलली.

"मावशी, उद्या पाच वाजेलोक काही झालं नाही पाह्यजे. मंग काय होईन ते होवो. बाबाइनं दोन वर्सं भाड्यानं आटो चालवून मले शिकवलं. त्याइले काय सांगू?"

"झोपली होती त काहीच आयकलं नाही?"

तिने आठवून पाहिलं. "डोक्यावर वाजल्यासारखं झालं. टपावर. वाटलं, कावळा असंन."

"कावळा," बेबीबाई म्हणाल्या. "इकडचे कावळे जड असतात व."

४

रिसोडला पोचले तेव्हा बाजार समितीच्या रस्त्याने सोयाबीनचे ट्रॅक्टर रांगेत निघाले होते. खानावळीच्या दारात जीप उभी राहिली. राजू पहिला उतरला आणि टपाची शिडी धरली.

"मोठीमाय, तुमची अंथरुनाची वळकटी मी घेतो. तुमी ठाण्यात जाताजाता मी घरी टाकून येतो."

"वळकटी कुठं पळून राह्यली?" बेबीबाई म्हणाल्या. "पयले चहा. अन् चपला बाहेर काढा सगळ्यायनं. आत सारवलं हाय."

सगळे आत आले. बेबीबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, बाहेर तोंड करून. प्रयागबाईंना वाटलं, ही कोणाची तरी वाट बघते आहे. चहा आला तरी बेबीबाई उभ्याच.

"पयागे, इकडे ये. काय दिसतं?"

प्रयागबाई गुडघ्यावर हात ठेवून आल्या. दारात चपला होत्या. धम्मदीपाच्या जुन्या, त्या कधी समुद्राकडे गेल्याच नव्हत्या. एकसारखे निळे चार जोड. आणि पट्ट्यांची सँडल.

"चपला दिसतात."

"काल सकाळी पान्याच्या काठावर किती जनायनं काढल्या?"

"पाच."

"समुद्रानं किती नेल्या?"

प्रयागबाई निळ्या जोडांकडे बघत राहिल्या. आतून राजूचा कप बशीवर टेकल्याचा आवाज आला.

"माही मी हातात धरून नेली होती," तो म्हणाला. "गोटे किती तापले होते, पाह्यले नाही का तुमी?"

"असंन बाप्पा," बेबीबाई म्हणाल्या. "म्या पाह्यलं नाही. मले त भेव वाटून राह्यलं होतं, तवा कोनाच्या पायाकडे पाह्यतो मी. तसा एक फोटो हाय म्हनतात. बुरजावरचा."

सगळे राखीकडे बघू लागले.

मोबाइल तिच्या मांडीवर होता. फोटो पुसायला अंगठ्याचा एक स्पर्श पुरतो, आणि तिचा अंगठा काचेवरच होता. तिने फोटो उघडला. शोधावा लागला नाही, तो वरच होता. म्हणजे रात्री तिने तो उघडून पाहिला होता, कदाचित एकदा नाही.

"राखे," राजू म्हणाला. फार मऊ आवाजात.

राखीने मोबाइल बेबीबाईंच्या हातात दिला.

फोटोत पाच माणसं होती. मागे समुद्र, अजून लांब. प्रयागबाईंनी पदर डोक्यावर घेतला होता. मदनसिंगने छाती काढली होती. राजूने दोन्ही हात वर केले होते, बोटं पसरून, निवडून आल्यासारखे. हात रिकामे होते. आणि दहाच्या दहा पाय उघडे होते. राजूचा एक पाय तर चटक्याने दुसऱ्यावर चढलेला.

"फोटो काढला तवा सँडल काठावर, बाकीच्यायच्या संग," बेबीबाई म्हणाल्या. "मंग भरती आली अन् चपलायची वळ गेली. ज्याची सँडल वाचली, तो फोटोच्या मांगून अन् भरतीच्या आंधी काठावर जाऊन आला. आला त आला, पायात घालून जीपवर गेला. वापस जाले वाट बुडाली होती, म्हनून नावेनं गेला, दुसऱ्या धक्क्यावरून. तिथून चपलायची जागा दिसत नाही. त्याले वाटलं, नदीच हाय ही आपली. काढलेली चप्पल जागच्या जागी राह्यते, सगळे येतीन, आपापली घालतीन, त्यात आपली कोन मोजते?"

"मी पानी प्याले आलो होतो वापस," राजू म्हणाला.

"आत्ता हातात धरून नेली होती ना रे?" हे प्रयागबाई म्हणाल्या.

राजूने रिकामा कप पुन्हा उचलला.

"सोनं कुठं हाय?" त्यांनी विचारलं. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, पण तो शेत सांभाळणाऱ्या बाईचाही होता.

"त्याच्यापाशी नाही," बेबीबाई म्हणाल्या. "त्यानं खिसे दाखवले ना. आपुन सगळ्यायच्या झडत्या घेतल्या, पयागे. एकीची सोडून. जिची चोरी झाली, तिची झडती कोन घेते? मदनसिंग, टपावरची वळकटी आन. धम्मदीपाचा कावळा तिथंच बसला होता."

वळकटी आली. मदनसिंगने ताडपत्रीची दोरी सोडली आणि आवर्जून सांगितलं की ही गाठ त्याची नाही. सतरंजी उलगडली, मग वाकळ. वाकळीच्या घडीत दशम्यांचं फडकं होतं. फडक्यात एकदाणी.

अख्ख्या रस्त्याने ती प्रयागबाईंच्या डोक्यावर, त्यांच्याच अंथरुणात, त्यांच्याच मालकीची राहिली होती. चोरीला गेलं असेल तर फक्त दुसऱ्या एका मुलीचं नाव, आणि त्याची तक्रार घेणारं ठाणं अजून बांधलेलं नाही.

"हिच्यासाठी केलं म्या," राजू राखीकडे बोट करून म्हणाला. "घरातच दोन पैसे आले असते. काय चुकलं? सोनं त वापसच देनार होतो. वळकटी उकलली असती त निघालंच असतं."

"कवा?" धम्मदीपाने विचारलं. कालपासून ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलत होती. "पाच वाजायच्या आंधी, का मांगून?"

राखी उठली. बाहेर जाऊन तिने निळ्या जोडांपैकी एक पायात घातला. तो तिचाच होता की नाही, ते तिने पाहिलं नाही.

५

त्या सोमवारी संध्याकाळी मुदत संपली. आक्षेप आला नाही. धम्मदीपाला नेमणूक मिळाली. हे मिळणारच होतं, त्यामुळे जमेच्या बाजूला नवीन काही लिहायला नको.

खर्चाची बाजू अशी. समुद्राने चार जोड घेतले आणि त्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही. मदनसिंगने नवी कोल्हापुरी घेतली नाही. तो आता ढग नसतानाही आभाळाकडे संशयाने बघतो. राजूवर तक्रार झाली नाही, घरचं माणूस म्हणून. त्याची शिक्षा एवढीच की गावात तो ज्या ओट्यावर बसायला जातो, तिथले लोक आधी त्याच्या पायांकडे बघतात आणि मग त्याला जागा देतात. ही शिक्षा हलकी आहे असं वाटणाऱ्याने रिठदमध्ये आठ दिवस राहून पाहावं.

राखी माहेरी गेली, पोळ्याला आली, पुन्हा गेली. यादीतलं दुसरं नाव तिचं होतं. पहिल्या नावाला धक्का लागू नये म्हणून ज्या नवऱ्याला तिने उघडं पाडलं, त्याच्याच घरी तिला परत यायचं होतं. ही रक्कम मोठी आहे. ती तिने कोणी मागायच्या आत काढून ठेवली होती, हे बेबीबाईंनी मोबाइलवरचा वर आलेला फोटो बघताच ओळखलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, फक्त राखी रिसोडला आली की तिच्याकडून जेवणाचे पैसे घेत नाहीत.

राहिल्या प्रयागबाई. त्यांची एकदाणी परत गळ्यात आहे, वजनात गुंजभर फरक नाही. पण मंगळवारी सकाळी त्या ओट्यावर बाही वर सारून बसल्या, आणि धम्मदीपा आली नाही. बुधवारीही आली नाही. निरोप पाठवला, तर निरोपाला उत्तर आलं, चांगल्या शब्दांत: आता वेळ मिळत नाही, आजी.

तेव्हापासून त्या रोज सकाळी गुडघा धरून आरोग्य उपकेंद्रात चालत जातात. पायात तीच निळी चप्पल. वाटेत अंगणवाडी लागते. आत पोरं मोठ्याने आकडे म्हणत असतात आणि त्यांच्यापुढे धम्मदीपा उभी असते. प्रयागबाई दारापाशी जरा थांबतात. 'राहू दे व पोरी' हे चार शब्द तोंडाशी येतात, पण ते त्या दिवशी वाळूत द्यायचे होते. मग त्या पुढे जातात, कारण इंजेक्शनची वेळ टळून चालत नाही.